ताकिल पामची नागपुरातली दोन वर्षं: शंभर बिया, तीन रोपं आणि एक बदललेलं लेबल

दर पावसाळ्यात आमच्या बागवाल्या ग्रुपमध्ये कोणीतरी नवीन मेंबर येतो आणि विचारतो, तुम्ही लोकांनी तो हिमालयातला दुर्मिळ पाम लावला होता ना, त्याचं पुढे काय झालं? मग दोघं-तिघं आपापल्या आठवणीतलं सांगतात, एक म्हणते उन्हाने मेला, दुसरा म्हणतो बियाच नकली होत्या. दोन्ही अर्धं अर्धं खरं आहे. म्हणून म्हटलं एकदाचं पूर्ण प्रकरणच लिहून ठेवू. हिशोबाची आणि तापमानाची वही माझ्याकडे होती, त्यामुळे खालचे आकडे त्या वहीतले आहेत.

२०२२ ची दिवाळी झाली आणि कोणीतरी एक फॉरवर्ड टाकला. भारताचा स्वतःचा, बर्फ झेलणारा पाम संपत चाललाय, वगैरे. फॉरवर्ड म्हटलं की मी सहसा पुढे ढकलते, पण हा खोटा नव्हता. ट्रॅकिकार्पस ताकिल नावाचा पंख्यासारख्या पानांचा पाम उत्तराखंडच्या कुमाऊँमध्ये वाढतो. पिथौरागढजवळ थलकेदार नावाचा डोंगर आहे, वर महादेवाचं देऊळ आहे, त्या डोंगरावरून त्याला नाव पडलं, ओदोआर्दो बेक्कारी नावाच्या इटालियन वनस्पतीशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये ते दिलं. दोन हजार मीटरच्या वर, बांजच्या (हिमालयातल्या ओकच्या) जंगलातल्या अरुंद ओल्या घळींमध्ये तो उभा असतो आणि हिवाळ्यात त्याच्या डोक्यावर बर्फ पडतो. खोडाच्या तंतूंचे दोर, पानांचे झाडू, हे तिथल्या लोकांचे जुने उपयोग. पुढे कित्येक वर्षं तो बाहेरच्या जगाच्या विस्मरणात गेला होता, १९९० नंतर मार्टिन गिबन्स आणि टोबियास स्पॅनर हे दोघे पामवेडे त्याला शोधत थलकेदारला पोचले तेव्हा मोठी झाडं फारच थोडी उरली होती.

पुढच्या रविवारी धरमपेठेत तर्री पोह्यांवर मीटिंग झाली आणि दहा मिनिटांत ठरलं की आपण हा पाम वाचवायचा. कसा वाचवायचा, तर बिया मागवायच्या, घरोघरी रोपं करायची आणि जितकी जास्त घरं तितका पाम सेफ. त्या दिवशी हे इतकं साधं वाटलं होतं की कोणी दुसरा प्रश्नच विचारला नाही. आमच्यात एक रिटायर्ड बॉटनीचे सर आहेत ते त्या दिवशी आले नव्हते, आणि हे मी मुद्दाम लिहितेय.

एका ऑनलाइन विक्रेत्याकडून शंभर बिया घेतल्या, साडेतीन हजाराला. वर्णनात ताकिल लिहिलं होतं, खाली हिमालयाचा फोटो होता. बिया चपट्या, किडनीच्या आकाराच्या, काळपट. दोन दिवस पाण्यात भिजवल्या, ओल्या कोकोपीटमध्ये अर्धी वाळू मिसळून झिपलॉकच्या पिशव्यांत भरल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर ठेवल्या, कारण डिसेंबरच्या रात्री इथे चांगला गारठा असतो आणि फ्रिजच्या डोक्यावर थोडी ऊब. फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत चौसष्ट बियांना कोंब आले. प्रत्येकीतून एकच पान वर आलं, कांद्याच्या पातीसारखं, अरुंद, घडी पडलेलं. पंखा वगैरे काही नाही. या पामच्या रोपांची पहिली पानं अशीच असतात, पंख्याची चिरफाळलेली पानं यायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. याचा अर्थ असा की तेवढा काळ समोरचं रोप नेमकं कोणत्या जातीचं ते पान बघून सांगताच येत नाही. ही गोष्ट पुढे महागात पडली. त्या वेळी आम्ही फक्त पेढे वाटले.

चौसष्ट रोपं नऊ घरांत वाटली. आता उन्हाळ्याकडे येते, कारण खरी शाळा तीच झाली.

नागपूरचा उन्हाळा काय ते सांगायची गरज नाही, २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदलेत. पण २०२३ चा उन्हाळा खरं तर नरम होता, एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस येऊन येऊन गेला, लोक म्हणत होते बाप्पा यंदा कुलर उशिरा लागला. तरी रोपं मरत होती. एप्रिलच्या शेवटी पहिलं रोप गेलं, मेच्या मध्यापर्यंत रोज कोणी ना कोणी ग्रुपवर फोटो टाकायचं. सगळ्यांचा समज एकच, ऊन लागलं, पाणी वाढवा. मीही वाढवलं. हिरवी जाळी डबल केली, कुंड्या कुलरच्या वाऱ्यात सरकवल्या, सकाळ-संध्याकाळ पाणी. आणि रोपं आणखी पटापट गेली.

एका संध्याकाळी मी एका पिवळ्या पडलेल्या रोपाचं मधलं नवीन पान सहज दोन बोटांत धरलं, ओढलंही नाही नीट, आणि ते पूर्ण पान सुरईतून बूच निघावं तसं हातात आलं. खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत, आणि वास असा की डब्यात राहिलेल्या भाजीचा. बाहेरची दोन पानं अजून हिरवीगार होती. या पामला वाढीचा कोंब एकच असतो, आंब्या-लिंबासारखं बाजूने फुटून यायची सोय नाही, तो सडला की बाकी पानं हिरवी असली तरी झाड संपलेलं असतं. दुसऱ्या दिवशी मी वहीत मातीचं तापमान लिहायला सुरुवात केली, जुना किचन थर्मामीटर होता तो खुपसून. दुपारी दोनला गॅलरीच्या सावलीत हवा ४२, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतली माती ४०. ठीक आहे, अपेक्षितच. पण रात्री अकराला हवा ३१ आणि माती ३४! दिवसभराची तापलेली गच्ची आणि भिंत रात्री उष्णता सोडतात, आणि त्यात आम्ही पाणी ओतून ओतून पिशवीचा गरम चिखल करून ठेवलेला. थलकेदारच्या घळीत उन्हाळ्यात दिवसा तापलं तरी रात्र गार होते, त्या झाडाला ती गार रात्र लागते, आणि ती आमच्याकडे मे महिन्यात पैसे देऊनही मिळत नाही.

उपाय सापडला तो मात्र अगदी घरचा. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी रोप मातीच्या कुंडीत लावलं, ती कुंडी मोठ्या माठाच्या फुटक्या बुडात ठेवली आणि मधल्या फटीत ओली वाळू भरली. पाणी वाळूला द्यायचं, रोपाला नाही. माठातलं पाणी गार राहतं त्याच हिशोबाने माती रात्री २७ पर्यंत उतरायची. पण हे चालतं ते आपल्याकडे मेमध्ये हवा कोरडी असते म्हणून. जुलै लागला, हवा दमट झाली, माठ गार करेना, वाळू ओलीच राहायला लागली आणि बुरशीने काकूंचीही चार रोपं घेतली. जून मध्यावर सगळ्या घरांत मिळून एकोणीस उरली होती. ऑगस्ट संपता संपता अकरा. मग २३ सप्टेंबरची ती रात्र, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नागनदीचं पाणी घराघरांत शिरलं, गणपती बसलेले होते. तळमजल्यावर राहणाऱ्या आमच्या एका मेंबरच्या घरात कमरेइतकं पाणी होतं, त्यांच्याकडची चार रोपं त्यात गेली. त्यांनी आठवडाभराने मेसेज टाकला, सॉरी, रोपं वाचवू नाही शकलो. मला तो मेसेज वाचून इतकं ओशाळल्यासारखं झालं, माणसाचा फ्रिज-गादी सगळं वाहून गेलं आणि हा आम्हाला सॉरी म्हणून राहिला.

उरली सात. इथपर्यंतची गोष्ट म्हणजे चुकीच्या गावात झाड लावल्याची गोष्ट आहे, आणि बहुतेकांच्या डोक्यात प्रकरण इथेच संपलेलं आहे. पण मला त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

दिवाळीनंतर सर पहिल्यांदा रोपं बघायला आले. चहा घेतला, रोपं बघितली, छान आहेत म्हणाले आणि मग विचारलं, "अगं पण आई कोण यांची?" मला कळलंच नाही. ते म्हणाले बी ज्या झाडावरून काढलं ते झाड कुठे उभं आहे, त्याचा फोटो मागव. विक्रेत्याला मेसेज केला, त्याने बिचाऱ्याने लगेच पाठवला सुद्धा, लपवाछपवी काही नाही. कुठल्यातरी हिलस्टेशनचं हॉटेल, पुढे कापलेलं लॉन, लॉनच्या कडेला ओळीने पाच-सहा पाम, एकावर हिरव्या-निळ्या फळांचे घोस. खोड असं की कोणी गोणपाट गुंडाळून सोडून दिलंय, तंतू सैल लोंबत होते.

सरांनी फोटो मोठा करून दोन मिनिटं बघितला. मग म्हणाले, ताकिलचा चीनकडचा एक चुलतभाऊ आहे, ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी. ज्या रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपं लपवून भारतात आणली त्याच्या नावावरचा. हा थंडी सोसतो म्हणून जगभर बागांमध्ये गेलाय, आपल्याही थंड हवेच्या गावांत हॉटेलं, बंगले, चर्चच्या आवारात तोच उभा असतो. त्याच्या खोडावरचे तंतू असे सैल, झिपऱ्या. ताकिलचे तंतू त्या मानाने आखूड आणि खोडाला चिकटून बसलेले, आणि पानाचा देठ जिथे पंख्याला मिळतो तिथली छोटी जिभली पिळवटलेली असते, बेक्कारीनेही तेच लक्षात घेतलं होतं. पण सर म्हणाले नुसत्या फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही, वयाप्रमाणे हे सगळं बदलतं. आणि समजा ही आई खरंच ताकिल असली तरी काय? या पामात नर झाड वेगळं, मादी वेगळी. शेजारी ओळीने फॉर्च्युनी उभे असतील तर पराग त्यांचाच, आणि या जाती आपसात सहज मिसळतात. म्हणजे बाप कोण ते कोणालाच माहीत नाही.

ग्रुपमध्ये यावर चांगलीच जुंपली. अर्ध्या लोकांचं म्हणणं, काही का असेना, पाम आहे, हिमालयाकडचा आहे, लावलाय प्रेमाने, आता नावावरून काय भांडायचं. काहींनी आपल्या रोपांवर ताकिल, अतिदुर्मिळ असं सुंदर अक्षरात लिहून पाट्या लावल्या होत्या, एकाने शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्यांना भेट द्यायचं पण कबूल केलं होतं. तेव्हा आमचे काटोलवाले भाऊ बोलले, जे एरवी मीटिंगमध्ये फक्त हिशोब विचारतात. त्यांची संत्र्याची बाग आहे. म्हणाले, "ताई, हे तर कलमासारखंच होऊन राहिलं. खालचा मुळांचा खुंट जंबेरीचा का रंगपूरचा, वर बांधलेला डोळा कोणत्या झाडाचा, हे नर्सरीवाल्याने सांगितलं तसं आपण धरतो, आणि पाच वर्षांनी झाड फळावर आलं की समजते फसलो का नाही. तोवर पाच वर्षं खत-पाणी चुकीच्या झाडाले घातलेलं असते."

खरं सांगते, सरांचं अर्ध्या तासाचं लेक्चर लोकांच्या डोक्यावरून गेलं होतं आणि भाऊंचं हे एक वाक्य सगळ्यांना जाऊन बसलं. विदर्भात मातृवृक्ष, म्हणजे ज्याच्यावरून डोळा किंवा बी घेतलं ते झाड, म्हणजे काय हे कोणाला शिकवावं लागत नाही. आणि संत्र्यात नुकसान आपल्या एका बागेचं होतं, इथे तर भानगड मोठी आहे. उद्या आमच्या सात रोपांतलं एक कोणी हौशी माणूस ताकिल म्हणून उत्तराखंडला घेऊन गेला, चांगल्या हेतूनेच, आणि थलकेदारच्या पायथ्याशी लावलं, ते फुलावर आलं, की त्याचा पराग वरच्या थोड्या उरलेल्या खऱ्या झाडांवर जाणार. म्हणजे पाट्या लावून आम्ही त्या पामला वाचवत नव्हतो, त्याच्या नावावर दुसरंच काही चालवत होतो. मेलेल्या सत्तावन्न रोपांनी कोणाचं काही बिघडवलं नव्हतं, धोका होता तो जगलेल्या सातांचा.

याच्या उलटं प्रकरण मला सरांकडूनच कळलं, बंगालचं. कोरिफा टालिएरा हा प्रचंड पाम, वनस्पतीशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने वर्णन केलेला, आयुष्यात एकदाच फुलतो, बिया देतो आणि मरतो. १९७९ मध्ये शांतिनिकेतनजवळ जंगली अवस्थेतलं माहीत असलेलं शेवटचं झाड फुलावर आलं आणि डोक्यावरचा तो अवाढव्य फुलोरा बघून गावकरी भुताच्या भीतीने घाबरले, बिया धरायच्या आधीच झाड तोडून टाकलं. आता तो जंगलातून नामशेष म्हणून नोंदलेला आहे. ढाका विद्यापीठाच्या आवारात एक झाड होतं, ते २००८ मध्ये फुललं, तिथे मात्र लोकांना माहीत होतं की हे काय आहे, बिया धरू दिल्या, जमवल्या, रोपं केली, मग झाड आपल्या क्रमाने गेलं. शांतिनिकेतनकडच्या गावकऱ्यांना वाईट म्हणता येत नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला मात्र सगळं एका क्लिकवर उपलब्ध होतं आणि आम्ही पोहे खात होतो.

बिया विकत घेणंच वाईट का, असाही एक सूर निघाला. तसंही नाही. मादागास्करमध्ये ताहिना नावाचा महाकाय पाम २००८ मध्ये विज्ञानाला नव्याने कळला, मोठी झाडं शंभरसुद्धा नाहीत, तिथे बिया गावाच्या संमतीने गोळा होऊन विकल्या गेल्या आणि पैसा गावाकडे गेला. त्यात कोणतं झाड, कोणी काढलं, कोणाला दिलं, हे सगळं माहीत असतं. आमच्या साडेतीन हजारातला एक रुपया पिथौरागढला पोचला नाही, पोचणार तरी कसा, बी तिथलं नव्हतंच बहुतेक.

मधल्या काळात माझा भाचा, जो फौजेत आहे, त्याचं पोस्टिंग पिथौरागढला आलं. मी त्याला म्हटलं देवळात जाशील तर बघ. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याने फोटो पाठवला, बांजच्या झाडांमध्ये उतारावर एक सरळ पाम, खाली दगडांवर शेवाळ, आणि स्वतः फुल बाह्यांचं स्वेटर घालून उभा. आमच्याकडे त्याच आठवड्यात नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू होता आणि नागपूरला ५६ डिग्री अशी बातमी फिरत होती, नंतर सेन्सर बिघडलेला निघाला, पण खरा आकडाही काही कमी नव्हता. "मावशी, इथे दुपारी बारा वाजता माती ओली आहे," म्हणाला. एका म्हाताऱ्या आजींनी त्याला सांगितलं की यांच्या पानांचे झाडू त्यांच्या सासूबाई बांधायच्या. मी तो फोटो ग्रुपवर टाकला पण आधी त्यातलं लोकेशन काढून, आणि कोणत्या वाटेने, कोणत्या बाजूच्या घळीत, ते कोणालाही सांगितलं नाही. दोन जण अजून त्यावरून फुगलेले आहेत. फुगू देत. दुर्मिळ झाडाचा पत्ता पसरला की आमच्यासारखेच प्रेमळ लोक पिशव्या घेऊन पोचतात.

उत्तराखंडात वनपंचायती आहेत, इंग्रजांच्या काळापासून, १९३१ मध्ये त्यांचे नियम झाले, गावच आपलं जंगल सांभाळतं. सरांचं मत पडलं की मदत करायचीच तर त्या बाजूने, चराईपासून छोटी रोपं वाचवायला कुंपण म्हणा, किंवा तिथल्याच झाडांच्या बियांची तिथेच छोटी रोपवाटिका म्हणा. आम्ही अकरा हजार जमवले, एका कार्यालयाला दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. पैसे ग्रुपच्या खात्यात पडून आहेत, हिशोब दर महिन्याला भाऊ विचारतात.

दुसऱ्या उन्हाळ्याने सातातली चार नेली. उरलेली तीन चिखलदऱ्याला न्यावी असा एक प्रस्ताव आला, हजार मीटरच्या वर आहे, कॉफी होते तिथे, गार आहे. ऐकायला फारच पटलं मला. सर नाही म्हणाले, आणि चढ्या आवाजात म्हणाले, जे त्यांनी कधी केलं नव्हतं. मेळघाटच्या तोंडावर परक्या जातीचा, तोही बेनाव पाम सोडायचा नाही म्हणजे नाही. मग शिंदीचं काय करता, त्यांनी विचारलं. आपली शिंदी, नाल्याकाठचा रानखजूर, जिला कोणी दुर्मिळ म्हणत नाही म्हणून लेआउट पडला की सगळ्यात आधी जेसीबी तिच्यावर चालतो. यावर कोणाकडेच काही उत्तर नव्हतं. त्या पावसाळ्यात काटोल रोडच्या एका नाल्यावरून आम्ही गळलेली शिंदोळी, म्हणजे शिंदीची फळं, वेचून आणली, कुठून आणली ते पिशवीवर लिहून, आणि त्यातली एकोणचाळीस रोपं आज गच्चीवर उन्हात उघडी पडली आहेत. जाळी नाही, माठ नाही, कुलर नाही.

तीन पाम काकूंच्या अंगणात आहेत, माठाच्या बुडात. त्यांना आता पंख्याची पानं आली आहेत. शाळेतल्या पाहुण्यांना तुळस दिली. जुन्या पाट्या काढल्या आणि सरांनी सांगितलं तसं काकूंनी नवीन लिहिल्या, अक्षर थोडं वाकडं आहे: "ट्रॅकिकार्पस. जात माहीत नाही. आई हॉटेलच्या लॉनवरची. बाप माहीत नाही. कोणाला देऊ नये." मागच्या आठवड्यात एक पाहुणी ते वाचून हसली आणि म्हणाली, काकू, स्थळ बघताय का यांना? काकू म्हणाल्या नाही ना, म्हणूनच लिहून ठेवलंय.